विश्लेषण : पेटंट तपासनीस आइन्स्टाइन… प्रकाश-विकिरण उपकरणांचे मूळ बर्नच्या कार्यालयापर्यंत कसे पोहोचते?

प्रथिने, विषाणू किंवा दुधातील सूक्ष्म कण यांचे आकारमान मोजण्यासाठी आज प्रयोगशाळांत लेझरवर चालणारी प्रकाश-विकिरण उपकरणे वापरली जातात. जैविक नमुना प्रचंड दाबाखाली ठेवून हेच मोजमाप करणारी उपकरणेही तयार झाली आहेत. अशा उपकरणाचा पेटंट अर्ज छाननीला येतो तेव्हा तपासनीसासमोर एक जुने सूत्र असते. ते १९०५ मध्ये मांडणारा माणूस तेव्हा स्वतः पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचा तपासनीस होता. त्याचे नाव अल्बर्ट आइन्स्टाइन. पेटंट कार्यालयातील त्यांची सात वर्षे म्हणजे नाइलाजाची कारकुनी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती काय होती आणि त्या सूत्राचे पेटंट का होऊ शकत नाही, याविषयी…

पेटंट हा विषय घरातलाच?

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला गेले. तेथे वडील हर्मान आणि काका याकोब यांनी विद्युत साहित्याचा कारखाना चालवला. हर्मान व्यवहार पाहत, तर याकोब अभियंता होते. विजेचे मीटर आणि चाप-दिवे यांतील सुधारणांची पेटंटे याकोब यांच्या नावावर होती. म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबर महोत्सवात १८८५ मध्ये विजेचे दिवे लागले, ते याच कारखान्याने लावले होते.

मात्र म्युनिक शहराच्या दिवाबत्तीचे मोठे कंत्राट १८९३ मध्ये बड्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले आणि १८९४ मध्ये कारखाना गुंडाळावा लागला. कुटुंब इटलीत गेले. तेथील नवा कारखानाही १८९६ मध्ये बुडाला. पेटंट हाती असूनही धंदा बुडू शकतो, हे आइन्स्टाइन यांनी शाळकरी वयातच घरात पाहिले होते. मीटर, डायनॅमो, तारांची गुंडाळी हे शब्दही त्यांच्या कानावर तेव्हापासूनच होते. पुढे पेटंट कार्यालयात विद्युत यंत्रांचे अर्ज समोर आले, तेव्हा ही ओळख कामी आली.

नोकरी कशी मिळाली?

झ्युरिचच्या पॉलिटेक्निकमधून आइन्स्टाइन १९०० मध्ये पदवीधर झाले. प्राध्यापकांच्या हाताखाली सहायकाची जागा मिळावी यासाठी त्यांनी अनेक ठिकाणी पत्रे पाठवली, पण कोणीही घेतले नाही. विंटरथूर आणि शाफहाऊझेन येथे काही महिने तात्पुरती शिकवणी केली. वडील कर्जात होते. झ्युरिचमधील सहाध्यायी मिलेव्हा मारिच यांच्याशी लग्नाला घरातून विरोध होता. १९०२ च्या सुरुवातीला मिलेव्हा यांनी माहेरी एका मुलीला जन्म दिला. विवाहाआधी जन्मलेल्या या मुलीचे अस्तित्व जगाला कळले ते दोघांची पत्रे १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाल्यावर.

अशा वेळी वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान यांच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कार्यालयाचे संचालक फ्रिडरिश हालर यांच्याकडे शब्द टाकला. जागेची जाहिरात निघाल्यावर आइन्स्टाइन यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अर्ज केला. यांत्रिक आराखडे वाचण्यात ते कच्चे होते, त्यामुळे त्यांना तिसऱ्या म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत आणि तेही परिवीक्षेवर घेण्यात आले. २३ जून १९०२ रोजी ते रुजू झाले. वार्षिक वेतन ३,५०० फ्रँक होते. त्याच ऑक्टोबरमध्ये वडिलांचे मिलान येथे निधन झाले. जानेवारी १९०३ मध्ये मिलेव्हा यांच्याशी विवाह झाला आणि मे १९०४ मध्ये मुलगा हान्स अल्बर्ट जन्मला.

तपासनीस दिवसभर काय करत असे?

आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास काम असे. टेबलावर शोधाचे वर्णन, आकृत्या आणि ‘दावे’ यांचे कागद येत. पेटंटमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग दाव्यांचा असतो. नेमकी कोणती गोष्ट आपली आहे, याची कुंपणरेषा अर्जदार त्या वाक्यांतून आखतो. रेषा फार मोठी आखली तर दुसऱ्यांची जमीन बळकावली जाते आणि फार लहान आखली तर शोधकाच्या हाती काहीच राहत नाही.

त्या काळच्या स्विस पद्धतीत नावीन्याचा कसून शोध घेण्यावर भर नव्हता. वर्णन पूर्ण आहे का, दावा नेमका आहे का, आकृती आणि मजकूर जुळतात का, हे पाहणे हे मुख्य काम होते. शिवाय १९०७ चा नवा कायदा येईपर्यंत प्रतिकृती करून दाखवता येईल अशाच शोधाला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळे. त्यामुळे रासायनिक प्रक्रिया आपोआप बाहेर राहत. तपासनीसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. कागदावरची प्रत्येक कल्पना डोळ्यांसमोर चालवून पाहायची. हे चाक फिरले तर तो दट्ट्या हलेल का? प्रवाह या तारेतून गेला तर ती तार तापेल का?

हालर कडक शिस्तीचे होते. अर्जदार सांगतो ते चूक आहे असे धरून वाचायला सुरुवात करावी, नाही तर त्याच्या विचारांच्या प्रवाहात आपण वाहत जातो, अशी त्यांची शिकवण होती. त्यांनी सप्टेंबर १९०४ मध्ये आइन्स्टाइन यांना कायम केले, वेतन ३,९०० फ्रँक झाले, पण बढती रोखून धरली. यंत्रशास्त्रावर पुरती पकड येईपर्यंत थांबावे, असे त्यांचे मत होते. दुसरी श्रेणी आणि ४,५०० फ्रँक वेतन एप्रिल १९०६ मध्ये मिळाले, म्हणजे १९०५ चे निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर. मात्र ही बढती तपासनीस म्हणून केलेल्या कामाबद्दल होती.

त्या कामाची कागदपत्रे आज का सापडत नाहीत?

ठरावीक मुदतीनंतर जुने अर्ज आणि त्यांवरील टिपणे नष्ट करण्याची कार्यालयाची पद्धत होती. आइन्स्टाइन यांच्या कागदांनाही त्यातून सूट मिळाली नाही. त्यामुळे त्यांनी नेमके कोणते अर्ज तपासले, याचा मोठा भाग हरवला आहे. एईजी या जर्मन कंपनीच्या प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या यंत्रावरील ११ डिसेंबर १९०७ चा अभिप्राय मात्र टिकून राहिला. त्यात आइन्स्टाइन यांनी दाव्याची मांडणी चुकीची, मोघम आणि अस्पष्ट असल्याचे कळवले आहे. एव्हाना सापेक्षता सिद्धान्त प्रसिद्ध होऊन दोन वर्षे झाली होती.

विज्ञानाचे इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी आणखी एक धागा जोडला आहे. त्या काळात रेल्वे आणि तारयंत्रांसाठी दूरवरची घड्याळे विजेच्या संकेतांनी जुळवण्याचे प्रयत्न जोरात होते आणि त्यांची पेटंटेही घेतली जात होती. दोन ठिकाणच्या घड्याळांत एकच वेळ आहे, हे ठरवायचे कसे, हा सापेक्षतेच्या निबंधातील पहिलाच प्रश्न आहे. मात्र कोणता अर्ज वाचून कोणता विचार सुचला, हे दाखवणारा कागद उपलब्ध नाही.

१९०५ मध्ये काय घडले?

त्या वर्षी मार्च ते सप्टेंबर या काळात आइन्स्टाइन यांनी चार निबंध आणि एक प्रबंध लिहून पूर्ण केला. मार्चमध्ये प्रकाशाच्या पुंजांविषयीचा निबंध, एप्रिलमध्ये रेणूंच्या आकाराविषयीचा प्रबंध, मे महिन्यात द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीविषयीचा, जूनमध्ये सापेक्षतेचा आणि सप्टेंबरमध्ये वस्तुमान व ऊर्जा यांच्या नात्याविषयीचा. सापेक्षतेच्या निबंधात एकाही ग्रंथाचा संदर्भ नाही. आभार आहेत ते मिशेल बेसो या एकाच व्यक्तीचे. बेसो हे मित्र होते आणि १९०४ पासून त्याच पेटंट कार्यालयात सहकारी होते.

प्रकाश-विकिरण उपकरणांचा संबंध येतो तो मे महिन्यातील निबंधाशी. पाण्यात तरंगणारे परागांतील सूक्ष्म कण सतत थरथरतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाहिले होते. पाण्याचे रेणू कणाला सर्व बाजूंनी धक्के देतात, म्हणून तो हलतो, अशी मांडणी आइन्स्टाइन यांनी केली आणि तिला गणिताची जोड दिली. कण जितका लहान, तितका तो वेगाने पसरतो. द्रव जितका दाट, तितका तो हळू पसरतो. एक मायक्रॉन व्यासाचा कण १७ अंश सेल्सियसच्या पाण्यात एका मिनिटात सरासरी सहा मायक्रॉन सरकेल, असा आकडाही त्यांनी दिला. ज्याला पटत नसेल त्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहावे, इतका तो नेमका होता. फ्रान्समधील ज्याँ पेरँ यांनी तो मोजला आणि रेणू खरोखर अस्तित्वात आहेत याविषयीची शंका मिटली. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हेच सूत्र ऑस्ट्रेलियातील विल्यम सदरलँड यांनीही १९०५ मध्येच स्वतंत्रपणे मांडले होते. मात्र ते रूढ झाले ‘स्टोक्स-आइन्स्टाइन’ या नावाने.

स्वतःच्या कामाची छाननी कोणी केली?

साखरेच्या द्रावणावरून रेणूचा आकार काढणाऱ्या प्रबंधावर झ्युरिच विद्यापीठाने आइन्स्टाइन यांना डॉक्टरेट दिली. पण त्यात एक चूक होती. पेरँ यांच्या प्रयोगशाळेतील मोजमापे प्रबंधातील सूत्राशी जुळेनात. तेव्हा आइन्स्टाइन यांनी आपले सहायक लुडविग होप्फ यांना गणित पुन्हा तपासायला सांगितले. चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. सुधारलेला आकडा आज मान्य असलेल्या मूल्याच्या बराच जवळ होता. दुसऱ्यांचे दावे तपासणाऱ्या माणसाचा दावा अशा रीतीने दुसऱ्यांकडून तपासला गेला.

प्रकाशाचे विकिरण आणि रामन यांचा संबंध काय?

आइन्स्टाइन ऑक्टोबर १९०९ मध्ये पेटंट कार्यालय सोडून झ्युरिच विद्यापीठात गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर, म्हणजे प्रकाश विखुरण्यावर, निबंध लिहिला. द्रव विशिष्ट तापमान आणि दाबाजवळ आला की एकाएकी दुधाळ दिसतो. त्यामागचे कारण पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुकोव्स्की यांनी १९०८ मध्ये दाखवले होते. द्रवाची घनता सर्वत्र सारखी नसते, ती क्षणोक्षणी किंचित कमी-जास्त होते आणि त्यामुळे प्रकाश विखुरतो. आइन्स्टाइन यांनी किती प्रकाश विखुरेल याचे सूत्र दिले. आकाश निळे का, याचे उत्तरही त्यात बसले.

हा धागा भारतातही आला. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ मध्ये युरोपहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, असे त्यांच्या लक्षात आले. बोट मुंबई बंदरात असताना सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी टिपण पाठवले. पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडताना त्यांनी आइन्स्टाइन-स्मोलुकोव्स्की सिद्धान्ताचा आधार घेतला. त्याच वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम हाती आला.

सूत्राचे उपकरण कसे झाले?

लेझर १९६० मध्ये आला. १९६४ मध्ये अमेरिकेत द्रवातील कणांवर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा अभ्यास सुरू झाला. कण थरथरतात, म्हणून विखुरलेला प्रकाशही लुकलुकतो. लहान कणांची लुकलुक जलद, मोठ्यांची संथ. ती मोजली की कण किती वेगाने पसरतात हे कळते आणि १९०५ च्या सूत्रावरून त्यांचा आकार निघतो. थेंबभर नमुना पुरतो आणि नमुना नष्ट होत नाही, म्हणून औषधनिर्मिती आणि जैवविज्ञानात ही पद्धत रुळली.

दाबाचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील पर्सी ब्रिजमन यांनी १९१४ मध्ये अंड्याचा पांढरा भाग न तापवता केवळ दाबाने घट्ट करून दाखवला. त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सात हजार पट दाब लागला. दाबाने प्रथिनांची घडी उलगडते, दुधातील केसीनचे कण फुटतात. फळांचे रस न उकळता टिकवण्यासाठी आज हाच मार्ग वापरला जातो. पण दाब काढून घेतल्यावर नमुना तपासला तर दाबाखाली काय घडले होते, हे कळतेच असे नाही. म्हणून जाड भिंतींच्या कोठडीला नीलमण्यासारख्या कठीण स्फटिकाची खिडकी बसवून, दाब असतानाच आत लेझर सोडणारी उपकरणे हवीत.

अशा अर्जाची छाननी कशी होते?

असा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात आला, असे समजू. पहिली गाठ पडते ती भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३ शी. वैज्ञानिक तत्त्वाचा निव्वळ शोध किंवा अमूर्त सिद्धान्त हा या कायद्याखाली शोध ठरत नाही. गणिती पद्धतीलाही पेटंट नाही. म्हणजे स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्र कोणाचेच नाही, ते सर्वांचे आहे. त्यावर चालणारे विशिष्ट उपकरण मात्र अर्ज केल्यापासून २० वर्षे एकाचे असू शकते.

त्यानंतर नावीन्य. लेझरने आकार मोजणे जुने आहे आणि उच्चदाबाची कोठडीही जुनी आहे. दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवल्या, एवढ्याने भागत नाही. त्या जोडताना आलेली कोणती अडचण अर्जदाराने सोडवली, हे दिसावे लागते. अशा अडचणी खऱ्याखुऱ्या असतात. थंड पाण्याचा दाटपणा दाबाने आधी किंचित घटतो आणि मग वाढतो. पाण्याचा अपवर्तनांकही बदलतो. प्रत्यक्ष दाटपणा २० टक्क्यांनी वाढला असताना उपकरणाने नेहमीचाच आकडा धरला, तर कणाचा आकार २० टक्क्यांनी मोठा दिसेल. प्रथिन दाबाने फुगले, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. दाबाने खिडकीच्या स्फटिकावर ताण येतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशावरही त्याचा परिणाम होतो.

तपासनीस म्हणून विचारतो : दाटपणाची दुरुस्ती कशी केली? खिडकी कशाची, किती जाड, तिची सांधजोड कशी? ‘कोणताही जैविक नमुना, कितीही दाब’ असा व्यापक दावा असेल, तर तितक्या दाबापर्यंतची मोजमापे कोठे आहेत? वर्णन वाचून त्या क्षेत्रातील जाणकाराला उपकरण उभे करता येईल का? पहिल्या तपासणी अहवालातील अशा आक्षेपांना अर्जदाराने साधारण सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते. दावा बहुतेकदा अरुंद होतो. एईजीला १९०७ मध्ये गेलेल्या पत्रातील हरकती याच जातीच्या होत्या.

आइन्स्टाइन यांनी स्वतः पेटंटे घेतली का?

घेतली. बर्नमध्ये असतानाच त्यांनी अत्यंत कमी विद्युतदाब मोजणारे छोटे यंत्र कल्पिले आणि हाबिश्ट बंधूंच्या मदतीने ते बनवले. पण कारखानदारांना रस वाटला नाही आणि पेटंटचा विचार त्यांनी सोडून दिला. पुढे १९१५ च्या सुमारास जायरो-होकायंत्रावरून आन्श्युट्झ आणि स्पेरी या कंपन्यांत जर्मनीत खटला झाला, तेव्हा न्यायालयाने तज्ज्ञ म्हणून आइन्स्टाइन यांचे मत घेतले. निकाल आन्श्युट्झच्या बाजूने लागला.

विषारी वायूच्या गळतीमुळे बर्लिनमधील एका कुटुंबाचा मृत्यू झाल्याचे वाचून त्यांनी लिओ झिलार्ड यांच्यासह हलते भाग नसलेल्या शीतकपाटावर काम केले. त्याला ११ नोव्हेंबर १९३० रोजी अमेरिकी पेटंट मिळाले. हे कपाट बाजारात कधीच आले नाही. त्या कामातून आलेला विद्युतचुंबकीय पंप पुढे अणुभट्ट्यांत द्रवरूप धातू खेळवण्यासाठी उपयोगी ठरला. डॉक्टर मित्र गुस्ताव बकी यांच्यासह प्रकाशानुसार आपोआप जुळणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट त्यांना १९३६ मध्ये मिळाले.

या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन यांचे निधन झाले, तेव्हा लेझर अजून पाच वर्षे दूर होता. आपल्या सूत्रावर चालणारे प्रकाश-विकिरण उपकरण त्यांनी पाहिले नाही. आज असे उपकरण विकणाऱ्या कोणत्याही कंपनीला त्या सूत्रासाठी कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही.